मुसकं सोडल्यावर

देवकाबाई विळा घेऊन ज्वारीत उतरली की तिच्या शेजारची ओळ धरायला गावातल्या बाया का-कू करायच्या. ही बाई बोलत बोलत कापायची, भांडत भांडत कापायची, आणि बाकीच्या अजून अर्ध्या ओळीत वाकलेल्या असताना ही पलीकडच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभी राहून पदरानं तोंड पुसायची आणि ओरडायची, "काय व, हातावरची मेंदी वाळाची हाय का तुमच्या?" माहेर तिचं किनवटच्या बाजूचं, सासर आदिलाबादकडचं, तलमडुगूच्या पुढचं, शिवेलगतचं. लग्नात माहेराहून दोन वस्तू आल्या होत्या, एक तांब्याची घागर आणि एक विळा. घागरीला पोचे पडले, ती माळ्यावर गेली. विळ्याच्या मुठी तीनदा बदलल्या, पण पातं तेच राहिलं.

अशा बाईला एका गवतानं हात बांधून बसवलं, असं कोणी सांगितलं तर खरं वाटायचं नाही. पण झालं तसंच, आणि त्यापायी घरची बैलजोडी बाजारात जायची पाळी आली.

तिचा एक नेम होता. दाण्याच्या पिकाला कणीस भरल्याशिवाय विळा लावायचा नाही. कणसं भरली की धुऱ्यावरच्या शेंदूर फासलेल्या देवाला पहिली पाच वाहायची, आणि मगच पहिलं ताट कापायचं. तसा हा नेम गावात सगळेच कमीजास्त पाळत, पण देवकाबाईचा फार कडक. कारण तो तिला पाठीवर धपाटा खाऊन मिळाला होता.

लहान असताना एका वर्षी पावसानं मध्येच दडी मारली होती. बापाच्या वावरातली ज्वारी गुडघ्याएवढी होऊन जागच्या जागी थांबली होती. घरचं वासरू भुकेनं हंबरायचं, आणि देवकाला ते ऐकवत नव्हतं. एका सकाळी ती कोणाला न विचारता वावरात गेली, पेंढीभर हिरवी ज्वारी कापली आणि वासरापुढं आणून टाकली. वासरानं तोंड लावायच्या आत आई कुठून तरी धावत आली. तिनं पेंढी ओढून उकिरड्यावर भिरकावली, पोरीच्या पाठीत धपाटा घातला आणि विळा आढ्याला खोचून ठेवला. "हिरव्या दाण्याले इळा लावते? पाप लागते," एवढंच म्हणाली. पुढं पाऊस आला, ज्वारी सावरली, सुगी झाली. बहिणी ओळी धरून कापत होत्या आणि देवका त्यांच्यासाठी पाण्याची घागर वाहत होती. त्या सुगीत आईनं तिला विळ्याला हात लावू दिला नाही, आणि का, ते पुन्हा कधी सांगितलंही नाही. आया कशाला सांगतात. त्यांना वाटतं, धपाट्यातच सगळं आलं.

आता बैलांकडं येऊ. हिऱ्या आणि बांड्या. हिऱ्या पांढरा, शांत, बसला की देवळातला वाटायचा. बांड्या नावाप्रमाणं ठिपक्याठिपक्यांचा, कान सतत हलते, जरा हट्टी. दोघंही घरच्याच गाईंचे. देवकाबाईनं त्यांना कोंडा-पाणी पाजून वाढवलेलं, नाकात नाथ घालताना त्यांच्यापेक्षा हीच जास्त रडलेली. तिचा नवरा उद्धवराव मोजकं बोलणारा माणूस. तो म्हणायचा, "पोरायले मारते, पन बैलायले नाई." हे अर्धंच खरं होतं. डवरणीच्या, म्हणजे कोळपणीच्या, दिवसांत बैल पिकाच्या ओळींतून चालतात तेव्हा त्यांच्या तोंडाला दोरीचं विणलेलं मुसकं बांधतात, नाही तर पीक खाऊन मोकळे होतील. तरी एखाद्यानं सवयीनं मान लांबवलीच तर काठी बसायची. ही काठी देवकाबाईचीच असायची. मागं डवरा धरलेला उद्धवराव नुसतं "हां, हां" करायचा. पिकावर जीव असलेली बाई, तिला एक पान गेलेलं खपायचं नाही. दोन पावसाळ्यांत बैल असे तयार झाले की मुसकं सुटलं तरी उभ्या पिकाकडं मान वळवत नसत. गावात लोक कौतुकानं सांगायचे, "बैल असावे तं देवकाबाईचे."

सत्त्याऐंशी साली पावसानं पुरता दगा दिला. ज्वारी पोटरीतच, कणीस बाहेर पडायच्या आत, वाळली, कपाशी वीतभर वाढून करपली. दिवाळीलाच कडब्याची गंजी तळाला लागली. गावात ज्याला त्याला आपापल्या ढोरांची चिंता. सकाळी लोक रानातून पळसाचा पाला, वडाच्या फांद्या आणायचे, आणि संध्याकाळपर्यंत ढोरं ते चघळून टाकायची. हिऱ्याच्या फासळ्या दिसायला लागल्या. बांड्या बसला की उठताना आधी गुडघ्यावर यायचा, थांबायचा, मग उठायचा. देवकाबाई त्याच्या शेपटाला धरून उठवायची आणि शिव्या पावसाला द्यायची.

उद्धवराव एकदा गुरांच्या कोठ्याच्या दाराशी उभा राहून म्हणाला, "संक्रांतीपावतर चाऱ्याचं काई जमलं नाई तं जोडी काढा लागन. उभी हाय तोवर कोनी घेईन तरी."

"कोन घेईन? ज्याच्या घरी चारा नाई थो?"

"मंग जो घेईन थो."

तो कोण, हे दोघांनाही माहीत होतं. त्या वर्षी गुडीहत्नूरच्या बाजारात शेतकरी घ्यायला येत नव्हते, विकायला येत होते. घेणारे ट्रक घेऊन यायचे. 

त्याच आठवड्यात रामाजी आला. रामाजी ढोरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होता. याच गावच्या बौद्धवाड्यातला. त्याच्या बापानं उद्धवरावाच्या बापाकडं सालदारकी केलेली. बापाला 'अरे' म्हणणाऱ्या घरात आता पोराला "रामाजी, बसा" म्हणत आणि खाट टाकत. रामाजीही बसायचा, चहा प्यायचा आणि बोलायचा तेवढंच बोलायचा. त्याच्या सायकलच्या कॅरिअरवर एक पोतडी होती.

"वहिनी, हे बी हाय," तो म्हणाला. "राय म्हन्तेत याले. थंड मुलखातलं हाय. डॉक्टरसायबानं पाच गावाले वाटाले सांगतलं. तुमच्या हिरीले अजून पानी हाय म्हून तुमाले आनलं. थंडीत येते. ढोरायले हिरवा चारा होते."

देवकाबाईनं मूठभर बी हातात घेतलं. लांबट, गव्हाहून बारीक, जरा काळपट. तिनं ते नाकाशी नेलं. "हा तं दाना हाय."

"हो, दानाच हाय. पन आपल्याले दान्यासाठी नाई पेराचं. गुडघ्यापावतर आलं का कापाचं, ढोरायले टाकाचं. पुन्ना फुटते."

बाई ऐकत होती, पण 'दाणा' हा शब्द तिच्या डोक्यात जाऊन बसला होता, आणि पुढचं सगळं त्याच्या मागं उभं राहिलं. रामाजीला याची काय कल्पना.

विहिरीजवळच्या पट्टीत राय पेरलं. पाणी मोटेनं. मोट ओढायला हिऱ्या आणि बांड्याच. रोज सकाळी ते दोघं उतारावरून खाली जायचे, मोट वर यायची, पाणी पाटात पडायचं, की पुन्हा मागं सरकत वर. चार खेपा झाल्या की उद्धवराव त्यांना थांबवायचा, दम खाऊ द्यायचा. पीक अगदी वाटेला लागून, म्हणून तोंडाला मुसकं. राय उगवलं ते मात्र बघत राहावं असं. आदिलाबादची थंडी त्याला माहेरच्यासारखी मानवली. सगळं शिवार करपलेलं, रानातला पळसही धुळीचा, आणि मधोमध ही एक हिरवी पट्टी. रस्त्यानं जाणारी माणसं थांबायची, उतरून यायची, पात्यावरून हात फिरवायची.

आणि तिथंच घोळ झाला. बघणाऱ्यांना कोणी चारा म्हणून सांगितलं नव्हतं, त्यांनी आपापलं ठरवून टाकलं. शेजारच्या वावरातली वच्छलाबाई म्हणाली, "गहू बरा दिसून राह्यला माय तुहा." नागोराव नावाचा एक म्हातारा रोज येऊन बसायचा आणि सांगायचा की त्यानं उभ्या आयुष्यात एवढा दाट गहू पाहिला नाही. उद्धवरावानं दोन दिवस म्हटलं, "गहू नोहे, राय हाय." तिसऱ्या दिवशी त्यालाही वाटायला लागलं, नाही गहू तर गव्हाचा भाऊ असेल, दळून पाहायला काय हरकत आहे. दुष्काळात माणसाचं मन पिठाकडं धावणारच. त्याला दोष देण्यात अर्थ नाही.

गवत गुडघ्याला लागलं. रामाजी सायकल थांबवून धुऱ्यावर आला. "वहिनी, आता कापा. पोटरी सुटली का हे निबर होते, ढोरं तोंड नाई लावत."

"कापते ना भाऊ. उद्या कापते."

उद्या ती विळा घेऊन गेली. पट्टीच्या कडेला बसली. एका हातानं पाती मुठीत धरली, दुसऱ्या हातानं विळा टेकवला, आणि हात तिथंच राहिला. हिरवं, भरलेलं, अजून कणीस पोटात असलेलं पीक. आईनं आढ्याला खोचलेला विळा तिच्या डोळ्यांपुढं आला. ती उठली आणि घरी आली. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली, पुन्हा आली. तिसऱ्या दिवशी सोबत कोणाला तरी न्यावं म्हणून वच्छलाबाईला बोलावलं, तर ती कानावर हात ठेवून म्हणाली, "मी नाई बापा. पोटातल्या पिकाले हात लावा लागते काय? तुले काय झालं?" झालं. आता तर गावाची साक्षही मिळाली.

इकडं बैल रोज मोट ओढत होते. हिरवळीच्या वासात, तोंडाला मुसकं, आणि संध्याकाळी दावणीला पळसाची वाळली पानं. देवकाबाईला ते दिसत होतं आणि करवत नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा तिची जीभ आणि हात दोन्ही एकाच वेळी अडकले होते. उद्धवरावाला वाटलं, बायकोलाही दाणाच पाहिजे, मग आपण कशाला बोला. तो आपला दळणाचं स्वप्न बघत बसला. संक्रांत आली आणि गेली.

मग एका सकाळी बांड्या मोटेच्या उतारावर बसला तो उठेना. शेपूट पिळली, शिव्या दिल्या, देवकाबाईनं त्याच्या कानात काही सांगितलं, तेव्हा कुठं तो गुडघ्यावर आला आणि उठला. उद्धवरावानं मोट सोडली. दोर गुंडाळत तो म्हणाला, "बस झालं. उद्या बाजार हाय. नवीन दोर आनतो, जोडी नेतो." आणि बैलांकडं न बघता तो लगेच गावाकडं निघून गेला.

देवकाबाई बैलांजवळ उभी राहिली. समोर राय होतं. कुठंकुठं पोटरी फुगायला लागली होती. रामाजीनं सांगितलेलं खरं होतं, अजून चार दिवसांत सगळं निबर होणार. उद्या बैल जाणार आणि परवापासून हे गवत कोणासाठी उभं राहणार, हे तिला कळेना. आणि तिच्या डोक्यात एक वाट निघाली. विळा लावायचा नाही, हे ठीक. पण बैलाचं तोंड म्हणजे काही विळा नव्हे. आपण काही कापलं नाही, बैल चुकून शिरले आणि चरले, असं देवाला सांगता येणार नाही का? बायका देवाशी अशी तडजोड रोज करतात. तिनं दोघांची मुसकी सोडली, कासरा धरला आणि बैलांना सरळ पिकात घातलं.

हिऱ्या मध्ये जाऊन उभा राहिला. बांड्या त्याच्या शेजारी. गवत त्यांच्या पोटाला लागत होतं. दोघंही समोर बघत राहिले, जणू आता डवरा जुंपणार आहेत.

"खा," देवकाबाई म्हणाली. "खा ना रे."

हिऱ्यानं कान हलवला. तिनं त्याची मान धरून खाली दाबली. मान खाली गेली, नाक पात्यांना लागलं, आणि त्यानं ती झटक्यानं वर घेतली. पाठीवरची कातडी थरथरली. काठी येणार म्हणून ती थरथरली, हे देवकाबाईला कळलं, कारण ती काठी तिचीच होती. बांड्या तिच्याकडं बघत होता. त्याच्या तोंडातून लाळ गळत होती, एवढा तो भुकेला होता, आणि तरी त्यानं मान वाकवली नाही. सगळ्या गावानं नावाजलेले तिचे बैल उभ्या चाऱ्यात उपाशी उभे होते.

ती तिथंच खाली बसली आणि रडली. पहिल्यांदा बैलांचं रडली, मग स्वतःचं. मग उठली, सवयीनं आणून धुऱ्यावर ठेवलेला विळा घेतला आणि शेंदरी देवापुढं उभी राहिली. कणीस नव्हतंच वाहायला.

"कनीस नाई बापा," ती म्हणाली. "कनसाची वाट पाह्यली तं हे दोघं राह्यत नाई. यायनंच पानी ओढलं, यायलेच खाऊ दे. जे लागन थे मले लागू दे."

आणि वाकून तिनं पहिली मूठ कापली. ती देवापुढं ठेवली. मग बैलांना बाहेर काढून दुसरी बांड्याच्या तोंडापाशी नेली. पिकाबाहेर, धुऱ्यावर, तिच्या हातातून. बांड्यानं आधी हात हुंगला. मग खाल्लं.

त्यानंतर देवकाबाईनं जे कापलं, ते बघायला गावातल्या बाया पाहिजे होत्या. ती कापत होती, आणून टाकत होती, पुन्हा जात होती. मग तिला आठवलं की रामाजी म्हणाला होता, भुकेल्या ढोराला हिरवं एकदम देऊ नका, पोट फुगतं. म्हणून घरून तुरीचं कुटार, म्हणजे वाळका भुसा, आणलं आणि त्यात मिसळून टाकलं.

उद्धवराव नवीन दोर खांद्यावर टाकून आला. पट्टीचा एक कोपरा बोडका झालेला दिसला आणि तो धावला. "गहू कापला? काऊन कापला?"

"गहू नोहे थो," ती न वळता म्हणाली. "अन् आता तुमी एक शब्द बोलले तं तुमाले बी कापीन."

तो बोलणार होता. पण त्याची नजर बैलांवर गेली. हिऱ्या डोळे मिटून रवंथ करत होता. बांड्याच्या जबड्यावर हिरवा फेस आला होता. किती दिवसांत त्यानं जोडीला असं खाताना बघितलं नव्हतं. उद्धवरावानं खांद्यावरचा दोर खाली ठेवला आणि त्याच दोरावर बसला. पिठाचं स्वप्न गेलं, त्याचं त्याला थोडं वाईट वाटलं, पण त्याहून मोठं ओझं उतरलं होतं आणि ते त्याच्या तोंडावर दिसत होतं. मग तो म्हणाला, "घरी अजून एक इळा हाय ना?" आणि आणायला गेला.

पण देवकाबाईची सुटका अजून झाली नव्हती. मागून घेतलेलं संकट कुठून येतं, याची ती वाट बघत राहिली. धाकट्या पोराला खोकला झाला, तिला वाटलं हेच. चुलीवरचं दूध उतू गेलं, तिला वाटलं हेच. वच्छलाबाई येता-जाता कापलेल्या जागेकडं बघून नुसता सुस्कारा टाकायची. तो सुस्कारा शिव्यांपेक्षा वाईट.

रामाजी आला तेव्हा तिनं त्याला खाटेवर बसवलं आणि सगळं सांगितलं. वासरू, पेंढी, धपाटा, आढ्याला खोचलेला विळा. हे तिनं नवऱ्यालाही कधी सांगितलं नव्हतं.

रामाजीनं कप खाली ठेवला. "कसं वर्स होतं थे? पाऊस नव्हता म्हन्ता?"

"नव्हता. ज्वारी गुडघ्याएवढी. सुकून राह्यली होती."

"मंग तुमच्या मायनं वासरू वाचवलं, वहिनी," तो म्हणाला. "कवळी ज्वारी, अन् पान्याचा तान पडलेली, थे जहर असते. ढोरानं पोटभर खाल्ली का उभ्या उभ्या तडफडून पडते. दवाखान्यात आमी दर वर्सी पाह्यतो. ज्वारी निसवली, कनीस आलं, का मंग काई होत नाई. म्हून जुने लोक म्हनत, कनसाआधी इळा नाई. थे ज्वारीचं हाय. याच्यात जहर नाई. हे तं कवळंच खाऊ घालाचं."

देवकाबाईनं विचारलं, "मंग मायनं पाप काऊन म्हटलं?"

"तुमी लेकरू होत्या. जहर म्हटलं असतं तं चाखून पाह्यलं असतं."

ती हसली. हसता हसता तिच्या डोळ्याला पाणी आलं. इतकी वर्षं तिला वाटत आलं होतं की आईला पोरीपेक्षा पीक प्यारं होतं. आणि आई तर त्या वासरासाठी धावली होती.  रामाजीला तिनं दुसरा चहा दिला आणि पोतडीत मूठभर शेंगा टाकल्या. तो नको नको म्हणत असताना त्याला दोन शिव्याही दिल्या, म्हणजे बाई पूर्ववत झाली.

दोन दिवसांनी ती मोटेवर गेली तेव्हा कापलेल्या कोपऱ्यात बोटभर हिरवे कोंब वर आले होते. तिनं उद्धवरावाला हाक मारली, वच्छलाबाईला हाक मारली, आणि नागोराव म्हातारा आपणहून आला. वच्छलाबाई खाली बसून कोंबांना हात लावत म्हणाली, "अव माय, हे तं मेलंच नाई." त्या दिवसापासून तिचा सुस्कारा बंद झाला आणि संध्याकाळी तिची म्हैस तिच्यामागं रायच्या पट्टीपाशी यायला लागली. देवकाबाई तिलाही एक पेंढी टाकायची, बोलणं ऐकवून.

एवढ्याशा पट्टीवर दोन बैल पोटभर जगले, असं नाही. कुटार होतं, पळसाचा पाला होता, पुढं सरकारी चाऱ्याचे दोन गठ्ठेही मिळाले. पण शिवरात्रीपर्यंत रोज थोडं हिरवं पोटात गेलं, आणि तेवढ्यानं जीव तगला. बैल रडतखडत जूनपर्यंत आले. मृगात उद्धवरावानं तिफण जुंपली तेव्हा बांड्या पहिल्या ओळीला अडखळला, दुसरीला नाही. तो नवीन आणलेला दोर मोटेला लागला.

बियाण्यासाठी एक कडेची ओळ राखली होती, पण ऊन तापलं आणि रायचे दाणे पोचट निघाले. रामाजीची बदली नेरडीगोंड्याला झाली आणि ते बी पुन्हा कोणी आणलं नाही. देवकाबाईनं त्यावरून दवाखान्यात जाऊन भांडण करून पाहिलं, तिथला नवा माणूस तेलुगूत काही म्हणाला, ही मराठीत काही म्हणाली, आणि दोघांनी एकमेकांना चहा पाजला. मग तिनं आपल्या अंगची अक्कल वापरली. विहिरीच्या पट्टीत दर वर्षी दाट ज्वारी पेरायची, फक्त चाऱ्यासाठी, आणि निसवली की हिरवीच कापायची. एक दिवस आधी नाही, दाणा भरायची वाटही नाही. गावातल्या बायांना ती धुऱ्यावर उभी करून सांगायची, कोणतं कधी कापायचं आणि का. का, हे ती नेहमी सांगायची. सुनेलाही तिनं पहिल्याच वर्षी सांगितलं, धपाटा न घालता.

डवरणीला मुसकं अजूनही बांधायला लागायचंच, पण काठी तिनं सोडली. बैलानं मान लांबवली तर नुसतं ओरडायची. उपयोग काही झाला नाही. हिऱ्या आणि बांड्या पिकात शिरले की मान ताठ. तिला ते दर वेळी टोचायचं.

पंच्याण्णव सालच्या उन्हाळ्यात हिऱ्या गेला. कोठ्यात, बसल्या जागी, म्हातारा होऊन. बांड्याला मग कोणी जुंपलं नाही. तो अंगणात मोकळा असायचा. मग भादव्यात त्यानंही चारा सोडला. दावणीत टाकलेलं तसंच राहायचं, हातानं भरवलं तर चार काड्या चावायचा आणि तोंड फिरवायचा. डॉक्टर म्हणाला, वय झालं. उद्धवराव म्हणाला, जोडीदार गेला. देवकाबाई रोज सकाळी त्याच्यापुढं हिरवी ज्वारी धरून बसायची, आणि रोज ती पेंढी उचलून घरच्या म्हशीला टाकायची. बांड्याही आता राहत नाही, हे तिनं मनाशी जवळजवळ कबूल केलं होतं.

एका सकाळी वच्छलाबाई हातात काठी घेऊन तणतणत आली. "देवकाबाई, तुह्या बैलानं माह्या वावराचा सत्यानास केला. बांद तरी त्याले."

देवकाबाई शेणाचे हात तसेच घेऊन उठली. "कोन्त्या बैलानं?"

"घरी काय धा बैल हायेत? बांड्यानं. ज्वारीत घुसला."

देवकाबाईच्या तोंडचं पाणी पळालं. "निसवली होती ना व तुही? का कवळी हाय?"

"अव कनीस भरलं हाय चांगलं. म्हून तं बोंबलून राह्यली."

म्हणजे जहर नव्हतं. मग देवकाबाईला दुसरंच काही तरी सुचलं आणि तिनं वच्छलाबाईचा दंड धरला. "त्याले कोनी तोडून देल्लं?"

"कोन देईन? आपल्या मनानं खाऊन राह्यला. मान वर कराले तयार नाई."

देवकाबाई निघाली ती वच्छलाबाईच्या पुढं. वावराच्या धुऱ्यावर येऊन थांबली. ज्वारीच्या मधोमध बांड्याची ठिपक्यांची पाठ दिसत होती. डोकं दिसत नव्हतं. ते खाली, ताटांत होतं, आणि कडाकडा मोडल्याचा आवाज येत होता. तो उभं पीक खात होता, चोरून, आठवडाभराची भूक काढत, कोणाला न विचारता. देवकाबाई पदर तोंडाशी धरून हसायला लागली. हसणं थांबेना.

"हसून काय राह्यली? हाकल ना त्याले."

"खाऊ दे व जराक," ती म्हणाली. "तुले माह्या पट्टीतलं दुप्पट कापून देते. आत्ता देते. पन त्याले खाऊ दे."

वच्छलाबाईनं तिच्याकडं बघितलं, बैलाकडं बघितलं, आणि तिला काय आठवलं कोण जाणे, तिनं काठी खाली टाकली. मग दोघी धुऱ्यावर बसल्या, आणि बांड्याचं पोट भरेपर्यंत त्याला कोणी हाकललं नाही.